मनाचा बांध फुटतो तेव्हा : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

१

राजे, लढाया, सनदा आणि महसूल यांची नोंद इतिहासाने तत्परतेने ठेवली. माणसाच्या मनाचा बांध ज्या क्षणी फुटतो त्या क्षणाची नोंद मात्र त्याने क्वचितच ठेवली आहे. धाय मोकलून रडणे, जमिनीवर अंग टाकणे, भान हरपून धावत सुटणे, अंगावर कोणी हात ठेवताच किंचाळणे, किंवा उलट एकाएकी मुके होऊन दिवसचे दिवस भिंतीकडे पाहत बसणे, या अवस्था प्रत्येक पिढीने आणि प्रत्येक घराने पाहिल्या आहेत. परंतु दप्तरांत त्यांचा उल्लेख आला तर तो ‘वेड लागले’, ‘बाधा झाली’ किंवा ‘हाय खाऊन मेला’ अशा एखाद्या वाक्यात येतो आणि तेथेच संपतो. अशा माणसाजवळ त्या वेळी कोण बसले, त्याला काय म्हटले, कोणी बांधले, कोणी सोडवले, हा तपशील बहुधा हरवलेला असतो.

हा तपशील मिळवण्याची निकड पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात एका घटनेने निर्माण केली. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील माळीण या गावावर डोंगराचा कडा कोसळला. गावाचा मोठा भाग चिखलाखाली गडप झाला आणि १५१ माणसे मृत्युमुखी पडली. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस. टी. बसच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा ही वार्ता बाहेर पोहोचली. या घटनेची भूशास्त्रीय आणि प्रशासकीय चर्चा पुष्कळ झाली. मागे राहिलेल्यांच्या मनाचे काय झाले, आणि अशा मनाला आधार देण्याची कोणती परंपरा या प्रदेशात होती, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावा असा आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

२

प्रथम शब्दांकडे वळू. मराठीत भावनेच्या उद्रेकासाठी एक शब्द नाही. अनेक आहेत, आणि त्यांपैकी प्रत्येकामागे एक निदान दडलेले आहे. ‘हंबरडा फोडणे’ आणि ‘टाहो फोडणे’ या प्रयोगांत दुःखाचे कारण सर्वांना ठाऊक असते, म्हणून ऐकणाऱ्याला त्यात काही विपरीत वाटत नाही. ‘धास्ती घेणे’ आणि ‘हाय खाणे’ यांत बाहेरचा धक्का आत शिरून शरीर पोखरतो अशी कल्पना आहे. ‘डोक्यात राख घालणे’ यात दोष माणसाच्या स्वभावाकडे जातो. ‘झपाटणे’ आणि ‘बाहेरची बाधा’ यांत तो माणूस निर्दोष ठरतो आणि अपराधी दुसराच कोणी असतो. ‘अंगात येणे’ किंवा ‘वारे येणे’ यात तर त्या माणसाला क्षणभर मानाचे स्थान मिळते, कारण बोलणारा तो नसून देव असतो. तेव्हा एकाच प्रकारची किंकाळी कोणत्या शब्दाने ओळखली जाते यावर त्या माणसाला पुढे सहानुभूती मिळणार, मार मिळणार की हळदकुंकू मिळणार, हे ठरत आले आहे.

शास्त्रग्रंथांतही ही संदिग्धता आढळते. चरकसंहितेने उन्मादाचे पाच प्रकार मानले आहेत. त्यांपैकी चार वात, पित्त, कफ व सन्निपात यांपासून उद्भवणारे, म्हणजे शरीरातलेच. पाचवा मात्र आगंतुक, म्हणजे बाहेरून आलेला. चिकित्सास्थानात अशा रुग्णाला त्याच्या सुहृदांनी धर्म व अर्थ यांना धरून असलेल्या वचनांनी आश्वस्त करावे असे सांगितले आहे. त्याच अध्यायात त्याला भय दाखवावे, चाबकाने ताडन करावे, सर्प किंवा हत्ती यांच्या साहाय्याने घाबरवावे असेही उपाय आहेत. म्हणजे आश्वासन आणि ताडन हे दोन्ही मार्ग एकाच ग्रंथात शेजारी शेजारी नांदतात. पुढील दोन हजार वर्षांचा इतिहास बऱ्याच अंशी या दोन मार्गांमधील हेलकाव्यांचा इतिहास आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

३

मराठ्यांच्या इतिहासातून या दृष्टीने दोन प्रसंग घेण्यासारखे आहेत. पहिला पानिपतानंतरचा. १४ जानेवारी १७६१ च्या पराभवाने नानासाहेब पेशवे खचले आणि त्याच वर्षी २३ जूनला पर्वतीवर त्यांचा अंत झाला. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी मात्र पतीचा मृत्यू अखेरपर्यंत मान्य केला नाही आणि वैधव्याची चिन्हे धारण केली नाहीत. पुढे भाऊसाहेब म्हणवणारा तोतया पुढे आला आणि १७७६ मध्ये त्याचा शेवट झाला, तोपर्यंत या अनिश्चिततेला राजकीय रूपही आले होते. मृत्यूची खात्री नसली की शोक पुरा होत नाही, हे तत्त्व त्या काळी कोणी शब्दांत मांडले नव्हते. पण पेशव्यांच्या घराने पार्वतीबाईंना त्यांच्या समजुतीसह जगू दिले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यांना कोणी बळेच ‘शुद्धीवर’ आणले नाही.

दुसरा प्रसंग होळकरांच्या घरातील. अहिल्याबाईंचे पुत्र मालेराव १७६७ मध्ये वारले. जॉन माल्कम याने १८२३ च्या आपल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात त्यांच्या अखेरच्या आजाराची हकीकत दिली आहे. मालेरावांच्या हातून एका कशिदा काढणाऱ्या कारागिराची संशयावरून हत्या झाली, तो निरपराध असल्याचे मागाहून कळले, आणि त्या पश्चात्तापाने त्यांना भ्रम झाला. मृताचा आत्माच त्यांच्या शरीरात शिरला असे लोकांनी मानले. अहिल्याबाई मुलाच्या बिछान्याजवळ रात्रंदिवस बसून राहिल्या आणि त्या आत्म्याशी बोलत राहिल्या. तुझ्यासाठी देऊळ बांधीन, तुझ्या कुटुंबाला जहागीर देईन, माझ्या मुलाला सोड, अशी त्यांची विनवणी होती. उत्तर नकाराचे आले आणि मालेराव वाचले नाहीत.

माल्कमने ही हकीकत लोकांच्या तोंडून ऐकून लिहिली आहे आणि तिच्यात दंतकथेचा अंश असणार. तरीही तीतून जी वागणूक दिसते ती विचार करण्याजोगी आहे. भूत खरे की खोटे हा वाद अहिल्याबाईंनी घातला नाही. आजारी माणसाच्या अनुभवात जे खरे होते त्याच्याशीच त्या बोलल्या आणि त्या अनुभवाच्या मुळाशी असलेल्या अपराधाची भरपाई करण्याची तयारी त्यांनी दाखवली. आईने जवळ बसणे, रुग्णाच्या भाषेत बोलणे आणि अन्यायाचे नाव उच्चारणे या तीन गोष्टी या कथेत एकत्र आल्या आहेत. उपाय फसला, पण उपेक्षा झाली नाही.

४

आता आपल्या प्रदेशाकडे येऊ. जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांचा पूर्वभाग हा ऊस, द्राक्षे आणि भाजीपाला पिकवणारा, नारायणगाव-मंचरच्या बाजारपेठांशी जोडलेला आहे. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या कुशीत नाणेघाट, आंबोली, आहुपे, भीमाशंकर असा डोंगराळ मुलूख आहे आणि तेथे मुख्यतः महादेव कोळी व ठाकर यांची वस्ती आहे. गो. स. घुर्ये यांनी १९५७ मध्ये महादेव कोळ्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. दा. ध. कोसंबी यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात पुण्याच्या आसपासच्या वाटा, लेणी आणि मातृदेवतांची ठाणी यांचा संबंध जोडून दाखवला. धनगरांच्या अंगात येणाऱ्या वाऱ्याचा आणि त्या वेळी देव काय बोलतो याचा अभ्यास गुंथर सोन्थायमर यांनी केला. या सर्व लेखनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पश्चिम महाराष्ट्राच्या डोंगरपट्टीत भावनेचा उद्रेक ही खाजगी बाब नव्हती. त्याला जागा होती, तिथी होती, वाद्य होते, आणि त्याला प्रश्न विचारणारा माणूसही होता.

भगत किंवा देवऋषी यांची भूमिका येथे समजून घेतली पाहिजे. घरातील कोणी एकाएकी ओरडू लागले, खाईनासे झाले किंवा रानात निघून गेले, तर त्याला भगताकडे नेत. भगत धान्याचे दाणे पाहून कारण सांगे: कुळाचा देव विसरला, वाटेत काही लागले, मयताचे काही राहून गेले. कारण कळले म्हणजे कर्तव्य कळे. नवस फेडावयाचा, कोंबडे द्यावयाचे, राहिलेला विधी करावयाचा. त्यासाठी भावकी एकत्र येई. या पद्धतीत रुग्णाला आराम पडत असेल तर तो दाण्यांमुळे पडत नव्हता हे उघड आहे. परंतु कारणाला नाव मिळणे, दोष त्या व्यक्तीवरून उतरणे आणि रुसलेली भावकी एका अंगणात येणे, या गोष्टींचा परिणाम कमी लेखता येणार नाही.

या संबंधात वीदा स्कल्टान्स यांनी एका महानुभाव मठात केलेला आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास फार उद्बोधक आहे. मनोरुग्णाला बरे वाटावे म्हणून कुटुंबे त्या स्थानी येऊन राहत. तेथे पुष्कळदा रुग्णाऐवजी त्याची सांभाळ करणारी आई किंवा पत्नी यांच्याच अंगात येई. घरच्या माणसाची पीडा आपल्या अंगावर घ्यावी अशी त्या स्त्रियांची भावना असे. या निरीक्षणाने प्रश्नाची दुसरी बाजू उघड होते. ज्याचा बांध फुटतो त्याच्याबरोबर त्याला सावरणाऱ्याचाही बांध हळूहळू झिजत असतो, आणि त्या झिजण्याला कोठे तरी वाट हवी असते. ती वाट घरात मिळत नाही म्हणून मठात शोधली जाते. त्याचबरोबर हेही दिसते की या व्यवस्थेचा भार जवळजवळ संपूर्णपणे स्त्रीच्या देहावर पडतो.

या परंपरेचे गौरवीकरण करण्याचा मोह टाळला पाहिजे. धुरी देणे, चटके देणे, केस ओढणे, उपाशी ठेवणे, साखळीने बांधणे हे प्रकारही याच परंपरेत झाले आहेत. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले, तेव्हा त्या बंधनांचा अर्थ देशाला कळला. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी यासंबंधी कायद्याचा आग्रह अनेक वर्षे धरला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्यानंतर त्याच वर्षी अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. चरकाच्या ग्रंथातील दोन मार्गांपैकी ताडनाच्या मार्गावर अशा रीतीने विसाव्या नव्हे, तर एकविसाव्या शतकात कायद्याने बंदी आली.

५

राज्यसंस्थेचा मार्ग निराळा होता. इंग्रजी अमलात मुंबईला कुलाबा येथे १८२६ मध्ये वेड्यांचे इस्पितळ निघाले. १८५८ मध्ये यासंबंधी कायदे झाले, त्यांचे एकत्रीकरण व विस्तार १९१२ च्या कायद्याने झाला, आणि येरवड्याचे मोठे मनोरुग्णालय विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उभे राहिले. या कायद्यांचा रोख उपचारापेक्षा ताब्यात ठेवण्याकडे अधिक होता. रस्त्यात भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या माणसाला पोलिसांनी पकडावे, दंडाधिकाऱ्यापुढे न्यावे आणि त्याच्या हुकुमाने आत ठेवावे, असा तो क्रम होता. जुन्नर किंवा घोडेगावच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने येरवडा हा शब्द कारागृह आणि वेड्यांचे इस्पितळ या दोहोंचा वाचक झाला, यात नवल नाही. त्यामुळे घरचे माणूस येरवड्याला न्यावे लागू नये म्हणून घरातच लपवण्याची प्रवृत्ती वाढली.

१९१२ चा कायदा स्वातंत्र्यानंतरही चार दशके चालू राहिला. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, १९८७ मध्ये नवा कायदा झाला आणि २०१७ चा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. या शेवटच्या कायद्यात साखळीने बांधण्यास मनाई आहे; उपचार मिळणे हा हक्क मानला आहे; आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरावयास सांगितले आहे. ज्या उद्रेकाकडे दीडशे वर्षे सार्वजनिक शांततेचा भंग म्हणून पाहिले गेले, त्याकडे दुःखाचे लक्षण म्हणून पाहण्याचा हा पहिला स्पष्ट कायदेशीर प्रयत्न होय. कायद्याच्या अक्षरांत झालेला हा बदल गावच्या अंगणापर्यंत किती पोहोचला, हा वेगळा प्रश्न आहे.

६

शोकाचे शास्त्र मात्र या काळात पुष्कळ पुढे गेले. पहिल्या महायुद्धात खंदकांतील सैनिक थरथरू लागले, मुके झाले, किंचाळू लागले, तेव्हा १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स याने या अवस्थेचे वर्णन केले. भ्याड म्हणून ज्यांना गोळी घालण्यात येई त्यांच्यापैकी काही आजारी होते, ही गोष्ट युरोपला त्यातून हळूहळू कळली. २८ नोव्हेंबर १९४२ रोजी अमेरिकेत बोस्टन येथील एका रात्रगृहाला आग लागून ४९२ माणसे मेली. त्यांच्या आप्तांना भेटून एरिक लिंडमन याने १९४४ मध्ये तीव्र शोकाची लक्षणे मांडली. शोक लाटांनी येतो. एकेक लाट वीस मिनिटांपासून तासभर टिकते. घसा आवळतो, श्वास लागतो. मृताची प्रतिमा डोळ्यांपुढून हलत नाही. आपणच काही केले असते तर तो वाचला असता असा अपराधभाव येतो. सांत्वन करावयास आलेल्यांचा राग येतो. आणि ज्याचा शोक त्या वेळी बाहेर पडत नाही त्याला तो मागाहून दुसऱ्याच रूपाने गाठतो. आपल्याकडील ‘हाय खाणे’ या प्रयोगात जे अनुभवाने आले होते तेच येथे निरीक्षणाने आले.

महाराष्ट्रात या ज्ञानाची पहिली मोठी कसोटी किल्लारीला लागली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात झालेल्या भूकंपात हजारो माणसे घरांच्या दगडमातीखाली मेली. पुण्याची महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने त्या वेळी या कामात उतरली आणि भूकंपग्रस्तांच्या मनःस्थितीचा अभ्यास झाला. आपत्तीनंतर अन्न, औषध व निवारा यांच्या जोडीने मनाचीही व्यवस्था लावावी लागते, हा विचार तेव्हापासून शासकीय भाषेत आला.

प्रारंभी समज अशी होती की आपद्ग्रस्ताला लवकरात लवकर सर्व हकीकत सांगावयास लावावे, म्हणजे मन मोकळे होईल. पुढील अभ्यासांनी ही समज खोटी ठरवली. एकाच बैठकीत सक्तीने बोलावयास लावण्याने फायदा होत नाही आणि काहींना अपायही होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये दिलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत तीनच क्रिया मुख्य मानल्या आहेत: पाहणे, ऐकणे आणि जोडून देणे. सुरक्षितता पाहावी, सांगेल ते ऐकावे, आणि माणसाला त्याच्या माणसांशी व गरजेच्या सोयींशी जोडून द्यावे. बोलते करण्याचा आग्रह धरू नये.

हे वाचताना आपल्याकडील दुखवट्याची रीत आठवल्याशिवाय राहत नाही. मयताच्या घरी चूल पेटत नाही; शेजारी भाकरी घेऊन येतात आणि कडू घास भरवतात. येणारा फार बोलत नाही, टेकून बसतो. दहावे आणि तेरावे या दिवसांना मुदतीचा अर्थ असतो: इतके दिवस तुम्हांला कोसळून राहण्याची मुभा आहे, त्यानंतर आम्ही तुम्हांला हात धरून उठवू. या रीतीत जातीचे आणि लिंगाचे निर्बंध होते, विधवेच्या वाट्याला तर त्यांत क्रौर्यच आले. तथापि कोसळलेल्या माणसाला एकटे सोडावयाचे नाही आणि त्याला बोलण्याची सक्ती करावयाची नाही, हे सूत्र तीत होते.

७

माळीणला हे सूत्रच तुटले. एका घरात मृत्यू झाला तर दुसरे घर भाकरी आणते. पण येथे दोन्ही घरे एकाच क्षणी गेली. नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा काही कामासाठी जे गावाबाहेर होते ते मागे राहिले, आणि त्यांच्यापैकी काहींचे संपूर्ण कुटुंब गेले. सांत्वनाला येणारी भावकी स्वतःच मृतांच्या यादीत होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे शोधकार्य पावसात आठवडाभर चालले. चिखलातून निघणाऱ्या देहांची ओळख पटवणे कठीण झाले आणि सामुदायिक अंत्यसंस्कार करावे लागले. एक तान्हे मूल आणि त्याची आई जिवंत निघाली, या एका वार्तेवर साऱ्या महाराष्ट्राचे डोळे खिळले. परंतु जे दिवसच्या दिवस ढिगाऱ्याकडे पाहत उभे होते त्यांच्या बाबतीत पार्वतीबाईंचाच प्रश्न पुन्हा उभा राहिला: जोवर देह सापडत नाही तोवर रडावे की वाट पाहावी?

त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली. कडा का कोसळला याची चर्चा चालू झाली. अतिवृष्टी हे कारण तर होतेच. पण डोंगरउतारावर यंत्रांनी केलेले जमिनीचे सपाटीकरण, जंगलतोड, अशीही कारणे पुढे आली. शास्त्रीय दृष्ट्या ही चर्चा आवश्यक होती. मात्र लिंडमनने सांगितलेला अपराधभाव ध्यानात घेतला तर तिची दुसरी बाजू कळते. पोटासाठी खाचर तयार करणाऱ्या माणसाला त्याच्याच शेताने त्याची मुले गिळली असे सुचवणे म्हणजे शोकावर दोषाचे ओझे ठेवणे होय. कारणमीमांसा करणाऱ्याने आपण ती कोणासमोर करीत आहोत हे विसरता कामा नये.

पुनर्वसनासाठी जवळच आमडे येथे नवे गाव वसवण्यात आले आणि २ एप्रिल २०१७ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते ६७ घरे रहिवाशांना देण्यात आली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस पडताच नव्या वसाहतीत रस्ते खचले, माती वाहून गेली, आणि रहिवाशांत घबराट उडाली. अभियंत्याच्या दृष्टीने ते किरकोळ दुरुस्तीचे काम असू शकेल. पण ज्याने एकदा डोंगर खाली येताना अनुभवला त्याच्या कानाला पावसाचा आवाज हाच धोक्याचा इशारा असतो. अशा वेळी ‘उगाच घाबरता’ असे म्हणणे निरर्थक ठरते, कारण ती भीती अनुभवातून आलेली आहे. तिला उत्तर हवे ते भिंतीच्या पायाने आणि पाण्याच्या निचऱ्याने. केवळ समुपदेशनाने ते देता येत नाही. मानसिक आधाराचा पहिला भाग पुष्कळदा स्थापत्यशास्त्रात असतो, हा धडा या प्रदेशाने दिला आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाडजवळ तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळ इरशाळवाडी येथे दरडी कोसळल्या, तेव्हा माळीणच्या लोकांना पुन्हा तो दिवस आठवला असेल, हे सांगण्यास पुराव्याची गरज नाही.

जुन्नरच्या बाजूला भयाचे निराळे रूप दिसते. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात बिबट्यांचे माणसांवरील हल्ले एकाएकी वाढले. पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडण्याच्या पद्धतीशी या वाढीचा संबंध असल्याचे विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे दाखवले. हल्ले त्यानंतरही वेळोवेळी होत राहिले. उसाच्या फडाशेजारी राहणाऱ्या आईचे मूल बिबट्याने नेले तर तिचा आकांत आणि शेजाऱ्यांचा संताप एकमेकांत मिसळतात. रस्ता अडतो, वनखात्याची गाडी जळते. वृत्तपत्रांत त्याची नोंद ‘जमाव प्रक्षुब्ध’ अशी होते. परंतु हा सामुदायिक उद्रेक शोकाचेच एक रूप आहे, आणि माळीणच्या शोकाहून तो एका बाबतीत भिन्न आहे. तेथे आघात होऊन गेला होता. येथे तो रोज संध्याकाळी पुन्हा संभवतो. ज्याचा धोका संपलेला नाही त्याला ‘झाले गेले विसरा’ असे सांगता येत नाही.

८

आतापर्यंत पाहिलेल्या प्रसंगांत कारण सर्वांना दिसणारे होते, म्हणून सहानुभूतीही मिळाली. ज्यांच्या उद्रेकाचे कारण बाहेरून दिसत नाही त्यांचे काय? स्वमग्न मूल बाजारात एकाएकी कान झाकून किंचाळू लागते, जमिनीवर लोळते, स्वतःच्या हाताला चावते. लिओ कॅनर याने १९४३ मध्ये स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन केले. आपल्या देशात १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश झाला. मंचरच्या किंवा नारायणगावच्या आठवडे बाजारात मात्र अशा मुलाच्या आईला आजही ‘पोराला वळण नाही’ किंवा ‘कोणाला दाखवा’ हेच ऐकावे लागण्याचा संभव अधिक.

हट्ट आणि उद्रेक यांतील भेद येथे ध्यानात घेतला पाहिजे. हट्टाला हेतू असतो. वस्तू मिळाली की तो थांबतो आणि तो कोणी पाहत आहे की नाही याकडे मुलाचे लक्ष असते. उद्रेकाला हेतू नसतो. भोंग्यांचा आवाज, गर्दी, उजेड, नेहमीच्या क्रमात पडलेला खंड यांचा भार मनाच्या शक्तीपलीकडे जातो आणि बांध फुटतो. तो ओसरल्यावर मूल थकून निपचित पडते. अशा वेळी करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत: आवाज व गर्दी कमी करणे, शांत जागी नेणे, कमी शब्दांत आणि हळू स्वरात बोलणे, इजा होण्याचा धोका असेल तरच धरणे, उपदेश व शिक्षा पूर्णपणे टाळणे, आणि वादळ ओसरण्यास वेळ देणे. कारणांचा शोध नंतर, सावकाश घ्यावयाचा. प्रौढ स्वमग्न व्यक्तींनाही हेच लागू आहे. त्यांना तर ‘एवढा मोठा होऊन’ हा टोमणा जास्तीचा सोसावा लागतो.

९

या विवेचनातून जे निघते ते थोडक्यात असे मांडता येईल. पहिले, अंधश्रद्धेकडून विज्ञानाकडे अशी सरळ रेषा या इतिहासात आढळत नाही. आश्वासन व ताडन हे दोन्ही मार्ग ग्रंथात, मठात, तुरुंगात आणि इस्पितळात सर्वत्र शेजारी शेजारी होते; कोणत्या काळात कोणाला कोणता वाट्याला आला हे त्याच्या जातीवर, लिंगावर आणि ऐपतीवर ठरले. दुसरे, नव्या शास्त्राने शेवटी जे सूत्र स्वीकारले, म्हणजे जवळ असणे, न बोलावता न बोलणे, माणसांशी जोडून देणे, ते लोकरीतीत अंशतः होते. म्हणून आंबेगावच्या एखाद्या वाडीत काम करणाऱ्या आरोग्यसेविकेने दुखवट्याच्या रीतीला विरोध न करता तिच्यातील क्रौर्य तेवढे वगळावे, हे योग्य होय. १० ऑक्टोबर २०२२ पासून दूरध्वनीवर मानसिक साहाय्य देणारी ‘टेलिमानस’ सेवा देशात सुरू झाली आहे. तिचा उपयोग निश्चित आहे. पण डोंगरातील वाडीत दूरध्वनीच्या पलीकडचा आवाज अंगणात बसलेल्या माणसाची जागा घेऊ शकत नाही. तिसरे, लोकरीत ही समाज शाबूत असेल तरच चालते. जेथे शेजारच नाहीसा होतो तेथे राज्याला शेजारी व्हावे लागते, आणि ते काम सोहळ्यापुरते करून भागत नाही.

आपल्या विद्यार्थ्यांसाठी यातून एक काम उरते. घोड, मीना आणि कुकडी यांच्या खोऱ्यांत मनाच्या अवस्थांसाठी वापरले जाणारे शब्द, दुखवट्याच्या रीती आणि भगतांची निदाने यांचा संग्रह वेळीच व्हावयास हवा, कारण जाणती पिढी मावळत आहे. मात्र माळीणसारख्या ठिकाणी वही घेऊन जाणाऱ्याने प्रथम हे जाणून घ्यावे की समोरचा माणूस हा साधनग्रंथ नव्हे. त्याला सांगावयाचे नसेल तर न विचारणे, आणि सांगताना तो कोसळला तर लेखणी खाली ठेवून त्याच्याजवळ बसणे, हा संशोधनाच्या पद्धतीचाच भाग मानला पाहिजे. त्या दिवशी टिपणे अपुरी राहिली तरी चालतील.